मधली सुट्टी पाहिल्याशिवाय शाळा ठरवू नका

पत्र : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. आतापर्यंत तो एका लहान प्राथमिक शाळेत होता. तिथे वर्गात बावीस मुले होती आणि सलग तीन वर्षे एकच वर्गशिक्षिका होत्या. वाचन आणि गणित यांत तो वयाच्या पुढे आहे. लिफ्टचे त्याला इतके वेड आहे की, तिला तोलून धरणारे प्रतिवजन किती ठेवतात हे तो घरी आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगतो. दप्तर भरणे आणि कपडे बदलणे मात्र अजूनही पावलोपावली सांगावे लागते. शाळेत तो शांत असतो, पण घरी आल्यावर तासभर रडतो, ओरडतो, वस्तू फेकतो. बाई म्हणतात, ‘आमच्याकडे तर काहीच त्रास नाही.’ आता माध्यमिक शाळेसाठी तीन पर्याय समोर आहेत : एक मोठी, नावाजलेली सर्वसाधारण शाळा; एक विशेष शाळा; आणि एक मध्यम आकाराची शाळा, जिथे अशा मुलांसाठी साहाय्य कक्ष आहे. यजमानांचा आग्रह पहिल्या शाळेचा आहे. सासूबाईंना वाटते की, विशेष शाळेत तो सुरक्षित राहील. नव्या शाळेला निदान सांगावे का, सोबत शॅडो टीचर (वर्गात मुलाच्या शेजारी बसून मदत करणारी व्यक्ती) द्यावी का आणि मुलाला स्वतःला हे सांगावे का, यांतले काहीच मला ठरवता येत नाही. — एक आई

उत्तर :

ताई, आपल्या पत्रात तीन शाळांची माहिती आहे, परंतु मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते संध्याकाळच्या त्या एका तासापाशी. शाळेत शांत आणि घरी वादळ, असे चित्र दिसले की बहुतेक लोक त्याचा दोष घराला देतात. आईचे लाड, शिस्तीचा अभाव वगैरे बोलणे आपण ऐकले असेलच. माझ्या अनुभवात याचा अर्थ बहुधा उलटा असतो. मूल दिवसभर स्वतःला आवरून धरते, इतरांसारखे दिसण्याचा आटापिटा करते आणि जिथे आवरण्याची गरज नाही अशा एकमेव ठिकाणी पोहोचल्यावर मोकळे होते. म्हणून तो तास घरात घडत असला, तरी त्याचा हिशेब शाळेच्या खात्यावर मांडायला हवा. ‘काहीच त्रास नाही’ हे बाईंचे म्हणणे खोटे नाही. शाळेला त्रास नाही, एवढेच त्यातून कळते.

काही वर्षांपूर्वी समुपदेशक म्हणून मी एका शाळेत एका मुलीचे निरीक्षण करत होते. तिच्या प्रगतिपुस्तकावर ‘आनंदी, समंजस’ असा शेरा होता. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या नळापाशी गेली, बाटली भरली, दोन घोट प्यायली, उरलेले पाणी ओतून टाकले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पंचवीस मिनिटांत तिने असे सहा वेळा केले. रांगेत उभे असलेल्या मुलाला ‘तू एकटी का?’ असे कुणी विचारत नाही, हे तिने स्वतःच शोधून काढले होते. ती हे दोन वर्षे करत होती आणि ते एकाही मोठ्या माणसाच्या लक्षात आले नव्हते.

माध्यमिक शाळेत हा ताण वाढतो. लहान शाळेत एक बाई, एक वर्ग, एक बाक असतो. बाईंना मुलाचा चेहरा वाचता येतो आणि मुलाला बाईंचा. माध्यमिक शाळेत सात-आठ शिक्षक, प्रत्येकाची वेगळी शिस्त, दर तासाला बदलणारी खोली, वेगवेगळ्या वह्या, न सांगता समजून घ्यायचे विनोद आणि रोज बदलणारी मैत्री, हे सगळे एकाच वर्षी समोर येते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत असे म्हटले आहे की, स्वमग्नतेची लक्षणे लहानपणापासून असतातच, परंतु समाजात वावरण्याच्या अपेक्षा मुलाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसतीलच असे नाही. अनेक मुलांच्या बाबतीत अकरा-बारा हे नेमके ते वय असते. त्यामुळे ‘प्राथमिक शाळेत निभावले, मग पुढेही निभावेल’ या हिशेबावर आपण विसंबू नये. त्याच पुस्तिकेत आधाराच्या गरजेचे तीन स्तर दिलेले आहेत. चौथ्या वर्षी कागदावर लिहिला गेलेला स्तर अकराव्या वर्षी तसाच लागू पडेल असे नसते. मूल्यमापन दोन-तीन वर्षांहून जुने असेल, तर प्रवेशापूर्वी ते नव्याने करून घ्यावे.

आता शाळा पाहण्याविषयी. पालक शाळा पाहायला जातात तेव्हा त्यांना प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणक कक्ष आणि निकालाचा फलक दाखवला जातो. आपण नम्रपणे सांगावे की, मला मधली सुट्टी पाहायची आहे आणि दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत जिन्यापाशी उभे राहायचे आहे. स्वमग्न मुलाला शिकवणे चालू असताना सहसा फारशी अडचण येत नाही, कारण तेव्हा काय करायचे हे ठरलेले असते. अडचण येते ती घंटा वाजल्यानंतर, म्हणजे चारशे मुले एकदम बाहेर पडतात, खुर्च्या ओढल्या जातात, कुणीतरी मागून धक्का देते आणि पुढची खोली कोणती, हे त्याच गोंधळात आठवायचे असते तेव्हा. अशा पाच मिनिटांचा दिवसातून सात-आठ वेळा मारा झालेले मूल शेवटच्या तासाला काही शिकत नाही. ते फक्त बसलेले असते.

तिथे उभे असताना घंटेचा आवाज कसा आहे, गर्दीत शिक्षक हजर असतात की शिक्षककक्षात जातात, एकटे राहू इच्छिणाऱ्या मुलाला बसण्यासाठी ग्रंथालय उघडे असते का, हे पाहून घ्यावे. स्वच्छतागृहात स्वतः जाऊन यावे. ही गोष्ट किरकोळ वाटेल, परंतु हात सुकवण्याच्या यंत्राच्या आवाजामुळे किंवा दाराची कडी लागत नसल्यामुळे दिवसभर लघवी रोखून धरणारी, त्यासाठी पाणीच न पिणारी मुले मी पाहिली आहेत. आवाज, प्रकाश, वास आणि स्पर्श यांबद्दलची तीव्र किंवा मंद संवेदना २०१३ पासून निदानाच्या निकषांतच समाविष्ट आहे. तिला कुणी ‘नखरे’ म्हणू लागले, तर आपण त्यांना थांबवावे.

मुख्याध्यापकांना ‘आपल्याकडे स्वमग्न मुलांना घेता का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते. ‘गेल्या वर्षी एखादे मूल वर्गात खूप अस्वस्थ झाले, तेव्हा नेमके काय केले?’ असे विचारावे. ‘आम्ही त्याला समजावले’, ‘पालकांना बोलावून घेतले’, ‘आमच्याकडे असे होत नाही’ ही उत्तरे ऐकून सावध व्हावे. ‘तो गणिताच्या तासाला अस्वस्थ व्हायचा, नंतर आमच्या लक्षात आले की त्याआधी कवायतीचा तास असायचा, म्हणून आम्ही त्याला मध्ये दहा मिनिटे द्यायला सुरुवात केली’ असे कुणी सांगितले, तर ती शाळा निरीक्षण करते असे समजावे. दुसरा प्रश्न बदली शिक्षकाचा. नेहमीचे शिक्षक रजेवर असतात त्या दिवशी या मुलाविषयीची माहिती नव्या माणसापर्यंत कशी पोहोचते? या प्रश्नावर अनेक चांगल्या शाळा गप्प होतात. गप्प होऊन ‘याचा आम्ही विचार केला नव्हता’ असे प्रामाणिकपणे म्हणणारी शाळा मला थापा मारणाऱ्या शाळेपेक्षा केव्हाही परवडते.

आपल्या तीन पर्यायांबद्दल माझे मत सांगते. शाळा प्रत्यक्ष पाहिल्यावर आपले मत वेगळे झाले, तर आपलेच खरे मानावे. मोठ्या नावाजलेल्या शाळेची मला धास्ती वाटते, ती तिच्या अभ्यासामुळे नव्हे. अभ्यास आपल्या मुलाला झेपेल. जिथे नाव निकालावर टिकून असते, तिथे उशिरा वही काढणाऱ्या मुलासाठी थांबायला कुणाला वेळ नसतो, याची ती धास्ती आहे. विशेष शाळेबद्दल सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि ज्या मुलांना दिवसभर जवळून आधार लागतो त्यांच्यासाठी उत्तम विशेष शाळा हे वरदान असते. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. परंतु आपल्या मुलाचे गणित वयाच्या पुढे आणि दप्तर भरणे पाच वर्षांच्या मुलासारखे, असा चढउतार आहे. अशा मुलाला दप्तरावरून मोजून सोपा अभ्यास दिला, तर तो कंटाळून जाईल; आणि गणितावरून मोजून ‘एवढा हुशार आहे, दप्तर का भरता येत नाही?’ असे विचारले, तर तो स्वतःला आळशी समजू लागेल. त्या विशेष शाळेत त्याच्या पातळीचे गणित आणि विज्ञान कोण शिकवते, शेवटी कोणती परीक्षा देता येते, हे जरूर विचारावे. उत्तर समाधानकारक असेल, तर तो पर्याय उघडा ठेवावा.

माझा कल तिसऱ्या शाळेकडे आहे, मात्र साहाय्य कक्ष म्हणजे नेमके काय, हे पाहिल्यावरच. काही शाळांत तो कक्ष म्हणजे वर्गाला नको असलेली मुले ठेवण्याची खोली असते. मुलाला कक्षात जाण्याचा आणि तिथून परत येण्याचा निर्णय स्वतः घेता येतो का, कक्षातील विशेष शिक्षिका विषयशिक्षकांबरोबर बसून धड्याची आखणी करतात का आणि कक्षात जाणाऱ्या मुलांना वर्गमित्र काय म्हणतात, हे शोधून काढावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकांकडून मिळणार नाही. ते फाटकाबाहेर थांबलेल्या मुलांकडून मिळेल.

त्या कक्षाचा आणखी एक फायदा आहे, ज्याकडे पालकांचे लक्ष जात नाही. तिथे त्याला त्याच्यासारखी मुले भेटतील. स्वमग्न संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली असा विचार मांडला की, समजून घेण्यातील अडचण दुहेरी असते : स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही तसे इतरांनाही तिचे कळत नाही. त्यानंतर २०२० साली एडिंबरा येथील संशोधकांच्या एका प्रयोगात प्रौढांच्या साखळ्या करून एकाने ऐकलेली गोष्ट पुढच्याला सांगायची, असे काम दिले गेले. केवळ स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट जवळजवळ तेवढीच टिकली जेवढी इतरांच्या साखळीत टिकली. मिश्र साखळीत मात्र ती जास्त गळत गेली. प्रतिवजनाविषयीचे बोलणे मनापासून ऐकून लगेच आगगाडीच्या ब्रेकविषयी सांगू लागणारा एखादा मित्र मिळणे, ही आपल्या मुलासाठी कोणत्याही थेरपीपेक्षा मोठी गोष्ट ठरू शकते.

शॅडो टीचरबद्दल मी बहुतेकांपेक्षा थोडी सावध आहे. जीव धोक्यात येईल असे वर्तन असेल किंवा मुलाला स्वतःची शारीरिक काळजी घेता येत नसेल, तर सोबत माणूस हवाच. परंतु इतर मुलांच्या बाबतीत शेजारी सतत एक मोठी व्यक्ती बसलेली असली, की वर्गमित्र जवळ येत नाहीत, विषयशिक्षक त्या मुलाला ‘तिची जबाबदारी’ समजू लागतात आणि मूल प्रत्येक पायरीला तिच्या तोंडाकडे पाहू लागते. इंग्लंडमधील एका मोठ्या, अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ज्या विद्यार्थ्यांना साहाय्यकांचा आधार सर्वांत जास्त मिळत होता त्यांची प्रगती तुलनेने कमी आढळली आणि मुलांच्या मूळ पातळीतला फरक हिशेबात धरल्यावरही हा निष्कर्ष बदलला नाही. तो अभ्यास केवळ स्वमग्न मुलांचा नव्हता आणि दोष साहाय्यकांचाही नव्हता. त्यांना न शिकवता, न तयार करता मुलाच्या शेजारी बसवले होते. म्हणून पहिल्या सत्रात साहाय्यक मागायचीच झाली, तर ती वर्गासाठी मागावी, तिने मागे उभे राहून दप्तर आणि तास बदलणे एवढेच पाहावे आणि ती कोणत्या महिन्यापर्यंत कोणत्या कामातून बाजूला होणार, हे आधी ठरवावे.

निदान सांगावे का? सांगावे, आणि प्रवेशाच्या वेळीच सांगावे. न सांगता मिळालेला प्रवेश पहिल्या वादळाबरोबर ‘तुम्ही आमच्यापासून लपवले’ या वाक्याने हातून निसटू लागतो. शिवाय जी शाळा निदान ऐकून मागे सरते, ती मागे सरलेली आताच कळलेली बरी. मात्र दहा पानी अहवाल कुणी वाचत नाही. एका पानावर मुलाची ओळख लिहून द्यावी : त्याला काय आवडते, अस्वस्थ होण्यापूर्वी तो काय करतो (कान झाकतो, एकच प्रश्न पुन्हा विचारतो, अगदी गप्प होतो), अशा वेळी काय करावे आणि काय मुळीच करू नये. ‘माझ्या डोळ्यांत बघ’ असे म्हणू नये, एकदा प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबावे, तोंडी सूचनेबरोबर फळ्यावरही लिहावे, अशा सूचना शिक्षकांना लगेच उपयोगी पडतात.

यापुढचे सगळे लेखी हवे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कराराचे २४ वे कलम समावेशक शिक्षणाचे आहे आणि त्यात प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करण्याची अपेक्षा आहे. पण मुलापर्यंत ती सोय पोहोचते ती शाळेच्या एका कागदावरून. त्या कागदावर ‘आवश्यक ती मदत केली जाईल’ असे मोघम वाक्य चालवून घेऊ नये. मुलाने कोणत्या एका व्यक्तीकडे जायचे आणि ती नसेल तेव्हा कुणाकडे, शब्द न बोलता वर्गाबाहेर जाण्यासाठी त्याच्याजवळ कोणते कार्ड असेल, ते दाखवल्यावर तो कुठे जाईल आणि किती वेळ बसेल, तास बदलण्यापूर्वी दोन मिनिटे आधी त्याला निघता येईल का, मधल्या सुट्टीत त्याच्यासाठी काय सोय आहे, गृहपाठ किती आणि काय दिला आहे हे त्याला कोण लिहून देणार, हे नावानिशी आणि वेळेनिशी लिहिलेले असावे. दर सत्रात एकदा हा कागद समोर ठेवून बैठक घ्यावी. परीक्षेत जादा वेळ, वेगळी खोली किंवा टंकलेखनाची सोय हवी असेल, तर त्यासाठीचे नियम आणि मुदती आताच विचारून ठेवाव्यात, कारण अशा सवलती देताना मुलाची वर्षभराची नेहमीची पद्धत तीच होती का, हे अनेकदा पाहिले जाते.

आता सर्वांत नाजूक प्रश्न : मुलाला स्वतःला निदान सांगावे का? सांगावे, आणि शाळा सुरू होण्यापूर्वी सांगावे. आपण वेगळे आहोत हे त्याला ठाऊक आहेच. त्याला कारण ठाऊक नाही आणि कारण नसले की मुले ‘मी वाईट आहे’ हे कारण स्वतःच शोधतात. ‘स्वमग्न’ हा शब्द वापरायचा की ‘ऑटिस्टिक’, हे त्याच्या कानाला काय बरे वाटते त्यावरून ठरवावे. माझा स्वतःचा ‘स्वमग्न’ या शब्दावर थोडा राग आहे, कारण त्यातून मूल स्वतःत बुडालेले आहे असे वाटते. प्रत्यक्षात यांतल्या कितीतरी मुलांना बाहेरचे जग जरा जास्तच ऐकू येते. परंतु शब्द रूढ आहे आणि पर्यायी चांगला शब्द मला सुचलेला नाही.

समजावण्यासाठी आपल्या घरात आयतेच साधन आहे. क्षमतेपेक्षा जास्त माणसे आत शिरली, तर लिफ्ट काय करते, हे त्यालाच विचारावे. तो सांगेल की घंटी वाजते, दार उघडेच राहते आणि लिफ्ट जागची हलत नाही. ती हट्टी असते का? बिघडलेली असते का? नाही; भार कमी केला की ती निघते. शाळेतून आल्यावर तुझे असेच होते, कारण दिवसभर आवाज, माणसे आणि बदल आत शिरलेले असतात. आणि तुझी घंटी वाजण्यापूर्वीच एक-दोघांना बाहेर काढता आले, तर बरे, एवढेच सांगून तिथे थांबावे. प्रश्न त्याच दिवशी येणार नाहीत. आठवड्याने भलत्याच वेळी येतील, तेव्हा हातातले काम बाजूला ठेवावे.

नव्या शाळेची तयारी निदान तीन-चार महिने आधी सुरू करावी. सुट्टीच्या दिवशी रिकामी शाळा पाहणे, मग वर्ग चालू असताना, मग मधल्या सुट्टीत, अशा तीन भेटी पुरतात. फाटक, वर्ग, स्वच्छतागृह, साहाय्य कक्ष आणि भरवशाच्या शिक्षिका यांची छायाचित्रे काढून त्यांची छोटी वही करावी. अमेरिकी शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९१ पासून रुजवलेल्या ‘सोशल स्टोरी’च्या पद्धतीने तीत साधी वर्णने लिहिता येतात. हल्ली या गोष्टींच्या नावाखाली ‘मी रांगेत शांत उभा राहतो’ अशा आज्ञाच लिहिल्या जातात. मूळ कल्पना अशी नाही. तिथे काय घडते आणि का घडते, हे मुलाला सांगणे हा तिचा गाभा आहे.

शाळा सुरू झाल्यावर ‘आज कसे गेले?’ किंवा ‘कुणी त्रास दिला का?’ असे विचारून काही हाती लागत नाही. चिडवणे हे चिडवणे आहे, हे त्याला कळेलच असे नाही. ‘ते माझ्याशी खेळतात’ असे सांगणारा मुलगा रोज टोपी हरवून येत असेल. त्याऐवजी शाळेचा नकाशा त्यालाच काढायला सांगावा, त्याच्या प्रती करून ठेवाव्यात आणि दर शुक्रवारी हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांनी तो रंगवायला द्यावा. लाल झालेला जिना किंवा कोपरा कोणता, हे कळले की शिक्षिकांना विचारायचा प्रश्न नेमका होतो.

घरचा तो तास सध्या तसाच राहू द्यावा, किंबहुना त्याला जागा करून द्यावी. घरात शिरल्यावर प्रश्न नाहीत, गृहपाठ नाही, पाहुणे नाहीत. अंधारी खोली, पांघरूण किंवा लिफ्टचे व्हिडिओ, जे त्याला शांत करते ते. सर्व थेरप्या शाळेनंतरच्या वेळेत कोंबू नयेत. झोपेकडे लक्ष ठेवावे, आणि वयात येताना काही स्वमग्न मुलांमध्ये अपस्मार (फिट येणे) सुरू होतो, म्हणून मध्येच टक लावून हरवल्यासारखे होणे वारंवार दिसले, तर ते डॉक्टरांना सांगावे.

यजमानांशी बोलताना ‘विशेष की सर्वसाधारण’ हा वाद घालू नये. त्यांना त्या मोठ्या शाळेच्या जिन्यापाशी मधल्या सुट्टीत पाच मिनिटे उभे करावे आणि नंतर तिसऱ्या शाळेतही. आणि हा निर्णय एका वर्षापुरता आहे, असे दोघांनी ठरवावे. पहिल्या सत्राअखेरीस संध्याकाळचा तास कमी झाला आहे की वाढला, सकाळी पोटदुखी सुरू झाली आहे का आणि तो अजून लिफ्टविषयी बोलतो का, एवढे पाहावे. आवडीचा विषयच सुटला असेल, तर गुण कितीही चांगले असले, तरी शाळेबरोबर ताबडतोब बसावे आणि जमत नसेल, तर शाळा बदलण्यात संकोच करू नये.

तिसऱ्या शाळेत लिफ्ट असेल आणि ती विद्यार्थ्यांसाठी बंद असेल, तर हे त्याला पहिल्या भेटीपूर्वीच सांगून ठेवावे, नाहीतर तो बंद दारापाशी अडून बसेल. शक्य झाल्यास तिची देखभाल करणारे येतात त्या दिवशी दहा मिनिटे तिथे उभे राहण्याची परवानगी त्याच्यासाठी मागावी. दुसऱ्या भेटीनंतर, परवानगी मागितल्यावर काय उत्तर आले तेही कळवत, मला पुन्हा लिहावे.